वेळेचा रकाना

ते १९८७ साल. मी त्रेचाळीस वर्षांची होते आणि ऑफिसात माझी एकोणीस वर्षं झाली होती.

तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. दारावर पाटी होती, 'प्रारण ताळेबंद विभाग'. खालच्या मजल्यावरचे लोक आम्हाला ऊनमोजणी खातं म्हणत. जिन्यात गाठ पडली की विचारत, "काय बाई, आज किती भरलं ऊन?" मला राग येत नसे, कारण काम खरोखर तेच होतं. सूर्याकडून पृथ्वीवर किती ऊर्जा येते, त्यातली किती ढग, बर्फ, वाळू, समुद्र यांच्यावर आपटून तशीच परत जाते, आणि किती उष्णता होऊन बाहेर पडते, हे आम्ही रोजच्या रोज काढत होतो. साऱ्या पृथ्वीची सरासरी घेतली तर दर चौरस मीटरला सुमारे तीनशे चाळीस वॅट येतात, शंभरेक परत फिरतात आणि दोनशे चाळीसच्या आसपास उष्णतेच्या रूपाने निघून जातात. येणं आणि जाणं यांत जो किंचित फरक उरतो, त्यावर पृथ्वी तापणार की निवणार ते ठरतं. तो फरक एखाद्या वॅटचा. एवढ्या मोठ्या आकड्यांतून तेवढासा फरक वेचून काढायचा म्हणजे पोतंभर तांदळातून एक खडा शोधण्यासारखं होतं, आणि आम्ही ते पोतं रोज नव्याने उपसत होतो.

मोजणारं यंत्र एका उपग्रहावर होतं. उपग्रह आमचा नव्हता, दुसऱ्यांचा होता. आम्हाला त्याच्या टेप मिळत. तो एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे फिरे आणि खाली पृथ्वी आपल्याभोवती गरगरे, त्यामुळे जगाच्या पाठीवरच्या कुठल्याही ठिकाणावरून तो जाई तेव्हा तिथल्या उन्हाप्रमाणे दुपारचे अडीच वाजलेले असत. बारा तासांनी तो पलीकडून येई तेव्हा रात्रीचे अडीच. म्हणून आम्ही त्याला 'अडीचवाली' म्हणत असू. "अडीचवालीचा डबा आला का?" हा आमच्याकडे सकाळचा पहिला प्रश्न. डबा म्हणजे पत्र्याची चपटी पेटी, तिच्यात टेपचं रीळ. उपग्रहाचे संदेश टिपणाऱ्या ग्रहण केंद्रावरून जीप ती घेऊन येत असे.

टेप संगणकाच्या खोलीत जाई. तिथे इतका गारठा ठेवलेला असे की भर उन्हाळ्यात आम्ही खुर्चीच्या पाठीला स्वेटर टांगून ठेवायचो. दुपारपर्यंत रुंद कागदाची चळत बाहेर पडे आणि मग माझं काम सुरू होई. मी दैनिक पत्रक भरत असे. चौदा रकाने, रोज एक ओळ. ते आकडे पुन्हा संगणकात भरले जात आणि संध्याकाळी साऱ्या पृथ्वीचा त्या दिवसाचा एक आकडा निघे. तो घेऊन दादा बाहेर येई आणि व्हरांड्याच्या भिंतीवर चिकटवलेल्या आलेखाच्या लांबलचक कागदावर पेन्सिलीने एक टिंब देई. साडेचार वर्षांत तो कागद जिन्यापासून पार मोरीच्या दारापर्यंत गेला होता.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आई त्यांच्या आधीच गेली होती. दादाने शिकवण्या करून स्वतःचं शिक्षण केलं आणि माझंही. विभाग त्यानेच उभा केला, मला गणितात पदवी मिळाल्यावर तिथे घेतलं तेही त्यानेच. माझं लग्न राहून गेलं. मी दादा-वहिनींकडेच राहत होते. ऑफिसात तो मला सगळ्यांसारखं "बाई" म्हणे आणि घराच्या फाटकात शिरला की "चिमे".

आता त्या रकान्याबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच घडलं.

अडीचवाली दिवसाउजेडी एका ठिकाणाकडे एकदाच बघायची. दिवसातून एकदा कोणाच्या घरात डोकावून तिथे दिवसभर काय चालतं ते सांगायचं, असा तो प्रकार. भर दुपारी तळ्याकडे सहज बघता येतं, पण उन्हं उतरली की तेच तळं डोळे दिपवतं. पाणी, ढग, वाळू, सगळ्यांचं तसंच. म्हणून आमच्याकडे एक तक्ता होता. अमुक वाजता एवढं चकाकताना दिसलं तर दिवसभराचं एवढं धरा. तो तक्ता वापरायला उपग्रह नेमक्या कोणत्या वेळी येतो ते माहीत हवं, आणि ती वेळ माझ्या पत्रकाच्या चौथ्या रकान्यात असे.

ती वेळ उपग्रहाच्या मालकांकडून दर महिन्याला छापील बुलेटिनमधून कळे. तपकिरी पाकिटात एकच पान. ते उघडायचं, वेळ पत्रकात घ्यायची, पानावर 'पाहिले' असा शिक्का मारायचा, खाली आद्याक्षरं घालायची आणि फाइलला लावायचं. पहिलं वर्षभर मी तसं केलं. महिन्यातून एकदा वेळ लिहायची आणि बाकीचे दिवस खाली 'वरीलप्रमाणे'. एका दिवसात फरक पडायचा तो तीन-चार सेकंदांचा, आणि रकाना तर मिनिटांचा. दुसरं लिहिणार तरी काय?

मग मला कावीळ झाली. दोन महिने मी अंथरुणावर होते. माझ्या जागी बसवलेल्या माणसाने साठ दिवस 'वरीलप्रमाणे' लिहिलं. परत आले तेव्हा टेबलावर कामाचा ढीग पडलेला, अंगात त्राण नाही. मीही पुढे 'वरीलप्रमाणे' लिहिलं. बुलेटिन येत, मी पाकीट फोडी, शिक्का मारी, आद्याक्षरं घाली आणि लावून टाकी. न वाचता. एक महिना, दोन महिने, मग तो हाताचा चाळाच होऊन बसला. आळस म्हणावा तर बाकीच्या तेरा रकान्यांत मी कधी दशांश चिन्हाची चूक केली नाही.

आणि भिंतीवरची टिंबं चढत होती.

परत जाणारं ऊन वाढतंय, असं आमचे आकडे सांगत होते. दरवर्षी थोडं, चार वर्षांत मिळून दोन वॅट. दादाने वर्षभर कोणाला सांगितलं नाही. यंत्र जुनं होऊन भलतंच काही दाखवत नाही ना, ते त्याने सतरा वेळा तपासलं. यंत्र ठणठणीत होतं. मग एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "पृथ्वीने अंगावर पांढरी चादर ओढून घ्यायला सुरुवात केली आहे."

वहिनी वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "यांना स्वतःचा चष्मा कपाळावर आहे की टेबलावर ते सापडत नाही, आणि पृथ्वीच्या अंगावरची चादर दिसते. ऐकताय ना वन्सं?"

"अगं, ती तापतेय म्हणून ढग वाढवतेय. ढग ऊन परतवतात," दादा म्हणाला. "म्हणजे ती स्वतःला सांभाळते आहे. लोकांना वाटतंय तेवढं घाबरण्यासारखं नाही."

"बरं झालं. मग आता निवांत जेवा."

तो हसला. मी त्याला इतकं मोकळं हसताना फार वर्षांनी पाहिलं.

त्या हसण्याला आणखी एक कारण होतं. पुढच्या वर्षी तो निवृत्त होणार होता. आमचं स्वतःचं यंत्र, आमच्या स्वतःच्या उपग्रहावर पाठवायचं घाटत होतं. वीस वर्षं तो त्यासाठी कागद लिहीत होता. हा निष्कर्ष मान्य झाला तर त्याला पाच वर्षं वाढवून मिळणार आणि यंत्र त्याच्या हातून होणार. नाही झाला तर घरी बसायचं आणि यंत्र दुसरं कोणी करणार, किंवा होणारच नाही. संचालकांनी हे त्याला स्पष्ट सांगितलं होतं.

आमच्या विभागात संगणकाची आज्ञावली लिहिणारा एक तरुण होता. तरुण म्हणजे एकतिशीचा. त्याला सगळे शंकासुर म्हणत, आणि तोही त्या नावाला जागल्यासारखा वागे. चहात साखर घातली आहे का हे विचारून झाल्यावर किती घातली हे विचारी. एका खोलीत आईला घेऊन राहत असे. आई अंथरुणाला खिळलेली. दुपारच्या सुट्टीत तो सायकल मारत घरी जाई, तिला कुशीवर वळवून, चार घास भरवून परत येई. त्यामुळे त्याचा चहा नेहमी सगळ्यांच्या मागून.

एका सोमवारी तो कप घेऊन व्हरांड्यात माझ्या शेजारी आलेखासमोर उभा राहिला.

"ताई, एक विचारू का?"

"नको म्हटलं तर थांबणार आहेस का?"

"अडीचवाली अजून अडीचलाच येते का?"

"नाहीतर काय, तिने नाव बदलून घेतलंय?"

"तसं नाही. त्याच उपग्रहावरच्या कॅमेऱ्याची चित्रं मी बघत होतो. समुद्रावर उन्हाचा एक चकाकता डाग पडतो ना, तो दरवर्षी पश्चिमेकडे सरकतोय. सूर्य काही आपली जागा सोडायचा नाही. म्हणजे हीच उशिरा येतेय." त्याने कपात बघितलं. "उशिरा येत असेल तर ऊन उतरलेलं असणार. उतरत्या उन्हात सगळं जास्त चकाकणार. आणि आपण अजून अडीचचाच तक्ता लावतोय. हे दोन वॅट घड्याळाचे असतील, ताई. पृथ्वीचे नसतील."

मी म्हणाले, "बुलेटिनमध्ये वेळा असतात."

"तेच तर. ती फाइल तेवढी काढून ठेवा."

"उद्या काढते."

तो तसाच दादाच्या खोलीत गेला. दार लोटलेलं होतं, तरी आवाज बाहेर येत होता. दादा सहसा चढ्या आवाजात बोलत नसे. त्या दिवशी बोलला. "तुला शंका येते म्हणून मी चार वर्षांचं काम गटारात टाकू?" एवढं स्पष्ट ऐकू आलं. शंकासुर काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. संध्याकाळपर्यंत गोष्ट संचालकांकडे गेली. त्यांनी गुरुवारी बैठक ठेवली. म्हणाले, "डाग-बिग मला कळत नाही. कागद दाखवा." मालकांना पत्र पाठवून वेळा मागवायच्या तर महिना गेला असता. कागद म्हणजे माझ्या कपाटातली फाइल, दुसरं काही नाही.

मंगळवारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी कपाट उघडलं. फाइल खालच्या कप्प्यात होती. मी उभ्याउभ्याच पानं उलटली. दोन एकतीस. दोन तेहतीस. दोन पस्तीस. माझी स्वतःची पत्रकातली शेवटची वेळ दोन एकावन्न होती, कावीळ झाली त्या महिन्याची. त्यापुढे प्रत्येक पानावर माझा शिक्का, माझी आद्याक्षरं, आणि वेळा पुढे चाललेल्या. तीन दहा. तीन एकोणतीस. शेवटच्या पानावर तीन बावन्न. पत्रकात त्या दिवशीही मी वरीलप्रमाणे लिहिलं होतं.

म्हणजे एक तास. तक्ता काढून एका तासाने किती फरक पडतो ते मी फाइलच्या मागच्या कोऱ्या कागदावर मांडलं. दोन वॅट आले. थोडे कमी, एक पूर्णांक नऊ.

मी फाइल पिशवीत घातली, डब्याच्या खाली.

दादाला सांगायचं, हे मी बुधवारभर ठरवत होते. घरी आल्यावर तो ओट्याशी बसून निष्कर्ष जाहीर करायच्या भाषणाचा कागद लिहीत होता. बाहेर अजून उजेड होता. वहिनी कपडे घड्या करत होत्या.

मी म्हणाले, "दादा, उद्याच्या आधी वेळेचा रकाना एकदा बघू या का?"

त्याने मान वर केली नाही. "तो कोण भरतं?"

"मी."

"मग मी त्यात काय बघायचं? या साऱ्या विभागात एका माणसाचे आकडे मी पुन्हा तपासत नाही, चिमे. तू लिहिलंस म्हणजे ते तसंच आहे." मग त्याने पेन्सिल खाली ठेवली. "वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या यंत्रांचे आकडे चाळतोय. त्यांनी टाकलेल्या टेपवर जगतोय. एकदा तरी आपलं यंत्र वर गेलेलं बघायचं आहे मला. मग डोळे मिटले तरी हरकत नाही."

"मिटायची भाषा करू नका तिन्हीसांजेला," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तुम्हाला काय झालंय? तोंड का उतरलंय?"

"काही नाही. डोकं दुखतंय."

माझी पिशवी खुंटीला होती. हात लांब केला असता तर पोचला असता. मी स्वतःला सांगितलं, उद्या सकाळी सांगेन. सकाळी तो दाढी करताना गुणगुणत होता. मी म्हटलं, वाटेत सांगेन. वाटेत त्याचे एक जुने सहकारी भेटले.

बैठकीला आम्ही सहा-सातजण होतो. संचालकांना सतत लवंग चघळायची सवय होती. शंकासुराने चित्रं मांडली, पश्चिमेकडे सरकणारा डाग दाखवला. तो चांगलं बोलला नाही. मध्येच अडखळला, दोन चित्रं उलटी धरली. कोणीतरी हसलं.

संचालक म्हणाले, "बाई, हा वेळेचा रकाना तुमच्याकडे ना?"

"हो, साहेब."

"बुलेटिन बघून भरता?"

"हो."

"मग वेळेत फरक पडलाय का?"

दादा माझ्याकडे बघत होता. त्याच्या तोंडावर काळजीचा लवलेश नव्हता.

"दखल घेण्याएवढा नाही, साहेब."

"फाइल आणलीत?"

"मागच्या महिन्यात कपाटं रिकामी केली, त्यात बुलेटिनची अख्खी फाइल रद्दीत गेली."

शंकासुर म्हणाला, "ताई, सोमवारी तर तुम्ही उद्या काढते म्हणालात."

"मला वाटलं होतं आहे. शोधली, तर नव्हती."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला राग आलेला नव्हता. पत्रकात अचानक न जुळणारा आकडा दिसावा तसा तो बघत होता. त्या क्षणी त्याला सगळं कळलं असावं, पण त्याच्याजवळ कागद नव्हता.

दादाने विचारलं, "झालं समाधान?"

"नाही, सर."

सगळे हसले. संचालकही हसले. म्हणाले, "याचं समाधान खुद्द सूर्य खाली आला तरी व्हायचं नाही." आणि बैठक संपली.

पंधरा दिवसांत शंकासुराची बदली ग्रहण केंद्रावर झाली. दादाने लिहून दिलं होतं की या माणसाची विभागाला अडचण होते. केंद्र जीपने सहा तासांवर, उघड्या माळावर. टेप रिळात गुंडाळायच्या, डब्यात भरायच्या, जीपमध्ये ठेवायच्या, एवढंच काम. तो आईला घेऊन गेला. जायच्या दिवशी माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "येतो, ताई." मी "सांभाळून राहा" म्हणाले. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात त्याच्या आईच्या छातीत कफ भरला. डॉक्टर होता तो चार तासांवर. ती तिकडेच गेली. हे आम्हाला जीपच्या ड्रायव्हरकडून कळलं. आठवड्याने अडीचवालीचा डबा उघडला तर रिळाच्या वर त्याचा राजीनामा होता, चार ओळींचा. दादाने तो वाचला आणि सही करून पुढे पाठवला. घरी येताना वाटेत म्हणाला, "हुशार होता. पण हेकट."

दादाचं भाषण गाजलं. पृथ्वी स्वतःला सांभाळते, असं वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांत आलं. लोकांना ते हवंच होतं. त्याला वाढीव वर्षं मिळाली, यंत्राचे आराखडे सुरू झाले. दादा घरी मोठमोठे कागद पसरून बसे आणि वहिनी म्हणत, "आता जेवायचं ताट ठेवायलाही तुमच्या यंत्राची परवानगी लागते."

मी फाइल माझ्या ट्रंकेत ठेवली होती. जाळावीशी वाटली, जाळली नाही. रोजचं पत्रक मी पूर्वीसारखंच भरत होते. वेळ खरी लिहिली असती तर टिंब एका दिवसात दोन वॅट खाली पडलं असतं आणि सगळ्यांना दिसलं असतं. म्हणून मी लिहीत राहिले, वरीलप्रमाणे. आता ते न बघता लिहिलेलं नव्हतं.

हे दीड वर्ष चाललं. १९८९ मध्ये उपग्रहाच्या मालकांनी दुसरा उपग्रह सोडला, दुपारी दीडला येणारा. त्यांनी दोघांचे आकडे शेजारी ठेवले, वेळेची दुरुस्ती केली, आणि ऊन वाढलेलं कुठेच दिसेना. त्यांचं पत्र आलं, फार सभ्य भाषेत. आपण ज्या वेळा धरल्या त्या कृपया कळवाव्यात.

दादा पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आला. "बाई, यांना वेळा काढून द्या. पत्रकातल्याच द्या, म्हणजे तोंडं बंद होतील."

मी म्हणाले, "घरी देते."

घरी मी ट्रंक उघडली आणि फाइल त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने पहिल्या पानापासून सुरुवात केली. एकेक पान उलटत होता, बोट वेळेवरून शिक्क्यावर आणि शिक्क्यावरून आद्याक्षरांवर नेत होता. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. शेवटी माझं ते गणित होतं, मागच्या कागदावरचं, एक पूर्णांक नऊ. खाली मी सवयीने तारीख घातली होती.

तारीख त्याने दोनदा वाचली.

"ही बैठकीच्या आधीची."

"हो. दोन दिवस आधीची."

"आणि तू तिथे बसून सांगितलंस, रद्दीत गेली."

"तुझ्यासाठी सांगितलं, दादा."

"मी मागितलं होतं?"

"नाही."

त्याने फाइल पुन्हा पहिल्या पानावर आणली. कोरा कागद घेतला आणि सगळ्या वेळा स्वतःच्या हाताने उतरवून काढल्या. त्याखाली, आपला निष्कर्ष चुकीचा असून तो मागे घेत आहोत, असं लिहिलं. चूक कोणाची ते लिहिलं नाही. सकाळी तो पोस्टात गेला, तिथून ऑफिसात. मी पोचले तेव्हा तो स्टुलावर चढून व्हरांड्यातला आलेख भिंतीवरून सोलत होता. डिंक जुना झाला होता, कागद पट्ट्यापट्ट्यांनी निघत होता. कोणी मदतीला पुढे झालं नाही. मी स्टूल धरायला गेले तर तो खाली उतरला, स्टूल उचलून दोन हात पुढे नेलं आणि पुन्हा चढला.

त्याच आठवड्यात तो शंकासुराला शोधायला गेला. पत्ता मिळाला, माणूसही मिळाला. काय बोलणं झालं ते दादाने कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी परत आला, पायातले बूट न काढता खुर्चीवर बसला आणि वहिनींना म्हणाला, "त्याने मला चहा दिला."

आता कोणाचं पुढे काय झालं ते सांगते.

दादाने मुदतवाढ सोडली. आमचं यंत्र झालं नाही. आराखडे कपाटात गेले आणि विभाग दुसऱ्या विभागात मिसळून टाकला. दादा त्यानंतर अकरा वर्षं जगला. एकाच घरात, एकाच ताटाळ्यातली ताटं घेऊन आम्ही जेवत होतो. त्याने मला पुन्हा चिमे म्हटलं नाही, बाईही म्हटलं नाही. काही लागलं तर वहिनींना म्हणे, "तिला सांग." शेवटच्या आजारात मी त्याला औषध पाजत असे. तो तोंड उघडे, औषध घेई आणि भिंतीकडे वळे.

संचालक मोठ्या पदावर जाऊन सन्मानाने निवृत्त झाले. त्यांना या गोष्टीचा काही त्रास झाला नाही.

अडीचवालीचं यंत्र १९९० मध्ये बंद पडलं. नंतरच्या उपग्रहांनी पुष्कळ बारकाईने मोजलं. अलीकडे वर्तमानपत्रात वाचलं की पृथ्वी पूर्वीपेक्षा कमी ऊन परतवते आहे, म्हणजे आमच्या सांगण्याच्या अगदी उलट. शेजारच्या गृहस्थांना ते दाखवलं. ते म्हणाले, "अहो, हे लोक आज एक सांगतात, उद्या दुसरं. तुमच्या भावानेच नव्हतं का सांगितलं, काळजी नको म्हणून?" त्यांना दादाचं भाषण आठवत होतं. निष्कर्ष मागे घेतल्याचं पत्र कोणाच्याच वाचनात आलं नव्हतं.

वहिनी माझ्याजवळच आहेत, एक्क्याण्णव वर्षांच्या. ऐकू कमी येतं, जीभ तेवढीच चालते. एकदा भाजी निवडताना त्या म्हणाल्या, "वन्सं, त्या बुधवारी तुम्ही मला सांगायचं होतं. मी त्यांना सांगितलं असतं. माझ्यावर ओरडले असते, दोन दिवस जेवले नसते, एवढंच." मी म्हणाले, "सुचलं नाही." त्या म्हणाल्या, "हो, तुम्हा दोघा भावंडांना घरात तिसरं माणूस आहे हे कधी सुचलंच नाही."

मी निवृत्तीपर्यंत तिथेच होते, दुसऱ्या टेबलावर. कोणी मला कधी काही विचारलं नाही.

शंकासुराने एका छोट्या गावात गणिताचे वर्ग काढले. लग्न उशिरा केलं, एक मुलगी झाली. पुन्हा कधी उपग्रहाच्या वाटेला गेला नाही. दादा गेल्यावर मी त्याला सविस्तर पत्र लिहिलं, इथे लिहिलं आहे तेवढं सगळं, आणि सोबत ती फाइल पाठवली. महिन्याने पोस्टकार्ड आलं. मायना नव्हता. त्याने सगळी पानं तारखेप्रमाणे लावून पाहिली होती. लिहिलं होतं, १९८५ मधल्या एप्रिलचं आणि सप्टेंबरचं बुलेटिन यात नाही, असल्यास पाठवावं.

ती माझ्याकडे नव्हती. आमच्यापर्यंत आलीच नव्हती की माझ्या हातून हरवली, मला सांगता येईना. मी तसं कळवलं. त्यावर उत्तर आलं नाही.